तुझ्या क्लेमसाठी माझ्या निवेदनाचा कच्चा मसुदा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहिते आहे.

"तेव्हा तक्रारच केली नाही, आता कोण ऐकणार?" असं तू म्हणालास. उपचारांपुरतं तरी ते खरं नाही. अमेरिकन नेव्हीत तुझ्यावर जे झालं त्याला व्हीएवाले (इथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं) एमएसटी म्हणतात, म्हणजे सैन्यात असताना झालेला लैंगिक अत्याचार किंवा छळ. त्यावरचे उपचार फुकट असतात. त्यासाठी तक्रार केलेली असावी लागत नाही, कागद लागत नाही, अपंगत्वाची टक्केवारीही लागत नाही. व्हीएच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एमएसटी कोऑर्डिनेटर असतो, त्याचं नाव विचार. डॉक्टर पुरुष हवा की बाई, तेही सांगता येतं. रुग्णालय नकोसं वाटलं तर व्हेट सेंटर, म्हणजे व्हीएचं रुग्णालयाबाहेरचं समुपदेशन केंद्र, आहेच.

आणि हे फक्त मुलींच्या बाबतीत होतं असं कोण म्हणतं? या उपचारांचा १९९२ चा कायदा बायकांपुरता होता खरा, पण १९९४ मध्ये तो पुरुषांनाही लागू केला. व्हीएत विचारल्यावर साधारण ५० पुरुषांत एक जण 'हो' सांगतो. सांगत नाहीत ते वेगळेच.

दरमहा भरपाईचा क्लेम मात्र निराळा. तिथे पुरावा लागतो, पण तो पोलिसांचाच हवा असं नाही. अचानक मागितलेली बदली, घसरलेले कामाचे शेरे, वाढलेली दारू, हेही धरतात. घरच्यांचं लेखी निवेदनसुद्धा चालतं. त्याचा फॉर्म २१-१०२१०. (इथल्या सरकारला आकड्यांची हौस भारी!)

ते निवेदन मी लिहायला घेतलंय. काय घडलं ते मला ठाऊक नाही आणि तू सांगायलाही नको. मी पाहिलं तेवढंच लिहिलंय: भरतीआधी गणपतीत ढोल सोडायला तयार नसलेला मुलगा रजेवर आला तो मांडवात पाऊल ठेवीना. दिवा लावून झोपायचा. मागून कुणी हात लावला की दचकायचा. पूर्वी बिअरही न पिणारा तू रात्री बाटली घेऊन गॅरेजमध्ये बसायचास.

तू आधी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे क्लेम करणार असल्याची सूचना, भर. मग पूर्ण अर्जाला वर्षभर मुदत मिळते आणि क्लेम मंजूर झाला तर पैसे बहुधा त्याच तारखेपासून धरतात. अर्जाला डीएव्ही किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांची माणसं फुकट मदत करतात. पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नकोस. रात्री फारच जड गेलं तर ९८८ ही संकटकाळची हेल्पलाइन लाव आणि माजी सैनिकांसाठीचा १ दाब. मला उठवलंस तरी चालेल.

मसुदा सोबत आहे. नको ते खोड, सही मी त्यानंतर करीन. बाबांना सांगायचं का, कधी, हेही तूच ठरव.

तुझी,
आई