हप्ता वेळेत भरला तरी दंडव्याज, वर जामीनदाराला नोटीस

प्रति,
चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि सर्व संचालक मंडळ, आपली सहकारी पतसंस्था

विषय: फिटलेल्या कर्जावर बाकी दाखवून जामीनदाराला नोटीस पाठवल्याबद्दल

आत्ता तुमच्या हेड ऑफिसच्या वसुलीच्या साहेबांशी फोन झाला आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला घेतलंय. शाखा आठवड्यातून दोनच दिवस उघडायची, हप्ता एजंटने घरी येऊन घ्यायचा आणि मशीनची पावती द्यायची, पण संगणकात जमा तारीख शाखा उघडेल तेव्हाची धरायची, हे सगळं तुम्हीच ठरवलंय.

माझं कर्ज फिटलंय. शेवटच्या हप्त्याची पावती माझ्याकडे आहे, पहिल्या हप्त्यापासूनच्या सगळ्या पावत्या आहेत, तारखेप्रमाणे लावलेल्या. त्या मशीनच्या पावत्यांची शाई उडते म्हणून प्रत्येकीची झेरॉक्स पण काढून ठेवलीये. तरी तुमचा संगणक म्हणतो बाकी आहे, आणि त्या बाकीसाठी मला एक साधा फोन न करता तुम्ही माझ्या जामीनदाराच्या घरी नोटीस पाठवली. तीही तुमच्या माणसाच्या हातून, भरदुपारी, घरात पाहुणे असताना. माझे जामीनदार आमच्या शेजारचे आहेत, वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी माझ्यासाठी सही केली तेव्हा तुमच्या शाखेत बसून चहा घेतला होता आणि म्हणाले होते पोरीचं काम चांगलंय, मी आहे मागं. त्या माणसाच्या हातात तुम्ही कागद दिला की सात दिवसात भरा नाहीतर तुमच्यावर कारवाई.

आता बाकी कुठून आली ते मी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी मला सांगितलं नाही, मलाच पावत्या आणि पासबुक घेऊन बसून शोधावं लागलं. गावची शाखा आधी रोज उघडी असायची. मग तुम्ही ती सोमवार आणि गुरुवार केली. हप्त्याची तारीख ५. एजंट दादा ५ तारखेला किंवा आदल्या दिवशी घरी येऊन पैसे घेतात, मशीनमधून पावती देतात, पावतीवर तीच तारीख असते. पण ५ तारीख शुक्रवारी आली तर पैसे खात्याला जमा कधी दिसतात, तर सोमवारी ८ तारखेला, कारण शाखा तेव्हा उघडते. म्हणजे मी ५ ला दिले, तुमच्या माणसाने ५ ला घेतले, तीन दिवस ते तुमच्याकडे पडून राहिले आणि त्या तीन दिवसांचं व्याज आणि वर उशीर म्हणून दंडव्याज माझ्या खात्याला लागलं. आणि एवढ्यावर थांबत नाही. पुढचा हप्ता आला की त्यातून आधी तुमचे चार्जेस कापले जातात, मग दंडव्याज, मग व्याज, आणि उरलं ते मुद्दलात. त्यामुळे दर वेळी मुद्दल थोडं थोडं कमी फिटतं, त्या न फिटलेल्या मुद्दलावर परत व्याज. असं करत करत शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी बाकी शिल्लक दिसते. माझ्या एकाही पावतीवर उशिराची तारीख नाही. एकाही नाही. उशीर झाला तो तुमच्या कुलपामुळे.

हे शाखेतल्या मॅडमना पासबुक दाखवून सांगितलं तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या माझ्या हातात काही नाही हो, हेड ऑफिसला जा. शाखेतलं प्रिंटर बंद, त्यामुळे शेवटच्या कितीतरी नोंदी पासबुकात नाहीतच. हेड ऑफिसला गेले तर काउंटरवरचे म्हणाले तुमचं खातं त्या शाखेचं आहे, पासबुक तिथेच भरून मिळेल. एसटीने जायचं, अर्धा दिवस मोडायचा आणि हे ऐकून परत यायचं. शेवटी म्हणाले अॅपवर बघा. अॅपवर कर्जखात्याची फक्त शेवटची बाकी दिसते, कुठल्या तारखेला काय लागलं ते दिसत नाही, हे तुम्हाला माहितीये की तुमच्यापैकी कुणी ते अॅप उघडूनच बघितलं नाही?

आता आजचा फोन. हा मी पूर्ण लिहिणार आहे कारण तो तुम्ही सगळ्यांनी वाचावा असं मला वाटतं.

मी नाव सांगितलं, खाते नंबर सांगितला आणि म्हणलं मला माझ्या कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा पाहिजे. साहेब म्हणाले उतारा असा कुणाला देत नाही आम्ही. म्हणलं का? म्हणाले पद्धत नाहीये. म्हणलं मग बाकी कशाची ते तरी सांगा. म्हणाले सिस्टीमने काढलीये. म्हणलं सिस्टीमने कशावरून काढली, कोणत्या तारखेला किती दंडव्याज टाकलं तेवढं वाचून दाखवा, मी लिहून घेते. तर म्हणाले, "ताई, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना द्या फोन, मी त्यांना समजावून सांगतो."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं काय म्हणालात? परत तेच, अगदी शांतपणे, की मिस्टर असतील तर त्यांना द्या ना, हे व्याजाचं जरा किचकट असतं. मी म्हणलं कर्ज माझ्या नावावर आहे, शेअर्स माझ्या नावावर आहेत, त्या कर्जातून मशीन मी घेतलं, हप्ते मी भरले, माझ्याशीच बोला. तर म्हणाले तुम्हाला नाही लक्षात यायचं ते. मी म्हणलं येईल, व्याज घटत्या बाकीवर आहे ना? लाखाला १२ टक्क्याने वर्षाचं सरळ व्याज १२ हजार होतं आणि मुद्दल महिन्याला सारखं फेडत गेलं तर घटत्या बाकीवर तेच साडेसहा हजार होतं, एवढं मला येतं, तुम्ही फक्त तारखा सांगा. यावर साहेब थोडा वेळ गप्प झाले आणि मग काय म्हणाले माहितीये? "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटाचा हिशोब मी लिहिते, दर बैठकीला सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचून दाखवते, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पण आपले किती जमा आणि किती बाकी ते तोंडपाठ असतं. आमच्यात एखादी म्हणाली की माझी नोंद दाखव तर वही तिच्यापुढे ठेवायची, मग ती कोण आहे आणि तिला किती कळतं हे कुणी बघत नाही. त्या गटाचं खातं तुमच्याकडेच आहे. वार्षिक सभेला स्टेजवर बोलावून त्याच हिशोबासाठी तुम्ही मला शाल दिली होती. आणि आज तुमचा माणूस मला विचारतो घरात पुरुष माणूस आहे का.

शेवटी ते म्हणाले किरकोळ रक्कम आहे, भरून टाका, विषय संपवा, नाहीतर १०१ खाली, म्हणजे सहकार कायद्यातल्या वसुलीच्या कलमाखाली, केस जाईल. किरकोळ आहे तर नोटीस कशाला पाठवली? आबांची इज्जत पण किरकोळ होती का?

१०१ चा धाक घालता येतो म्हणजे कायदा तुमच्याकडे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. त्यातलंच कलम ३२ काढून वाचा. सभासदाला पोटनियम, ऑडिट झालेला ताळेबंद, संचालकांची यादी, सभांचं इतिवृत्त आणि स्वतःचे व्यवहार जिथे लिहिलेत तो दप्तराचा भाग ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतो. लेखी मागून फी भरली की एक महिन्यात नक्कल द्यावी लागते. म्हणजे पद्धत नाही हे उत्तर तुम्हाला देताच येत नाही. मी उतारा मागते तेव्हा मेहेरबानी मागत नाहीये. आणि कलम २७ पण वाचा, एक सभासद एक मत, शेअर्स कितीही असोत. चेअरमन साहेबांना एक आणि मला पण एकच.

हे सगळं मला कुठून माहिती, तर तुमच्याच सभासद प्रशिक्षणातून. तुम्हीच आणलेल्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की जर्मनीत रायफायझन नावाच्या माणसाने १८६४ मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांची पतसंस्था काढली तेव्हा तिचं कार्यक्षेत्र मुद्दाम लहान ठेवलं, कारण कर्ज देणारे आणि घेणारे एकमेकांना ओळखणारे असले की माणसाची पत हेच तारण होतं. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो त्याच धर्तीवर. आणि स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ला देशभर खेड्यातल्या कर्जाची पाहणी झाली तर सहकारी संस्थांकडून आलेलं कर्ज जेमतेम तीन टक्के निघालं, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास सावकाराचं. सरांनी सांगितलं होतं म्हणून आपली संस्था गावात पाहिजे. मला ते फार पटलं होतं, घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, त्यांच्या काळात पैसा लागला की पायरी कुणाची चढायची हे त्यांना माहिती होतं, त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःचं खातं काढलं.

आज गावात काय चाललंय ते येऊन बघा. फायनान्स कंपनीची पोरं दर आठवड्याला मोटरसायकलवर येतात, बायकांना एका ओसरीत बसवतात, जागेवर कर्ज देतात. व्याज तुमच्यापेक्षा जास्त आहे, वसुलीला दारात बसून राहतात, तरी बायका त्यांच्याकडे जातात. कारण ते येतात. तुम्ही दोन दिवस कुलूप उघडता आणि पाच दिवस आम्हाला अॅप दाखवता. आमच्या वस्तीवर रेंज मिळायला गच्चीवर जावं लागतं, आणि सासूबाईंच्या खात्याला नंबर जोडलाय तो सासऱ्यांचा, ते जाऊन वर्ष झालं, तो बदलायला पण हेड ऑफिसलाच या म्हणतात, गुडघे दुखणाऱ्या बाईला.

शाखा परवडत नाही असं मागच्या सभेत सांगितलंत. मान्य करू, खर्च असतो. पण आमच्या गावातून किती ठेवी गोळा झाल्या आणि गावात किती कर्ज दिलं हा आकडा सभेत कुणी विचारला तर वेळ संपली म्हणून सांगितलं. सभा कायद्याने सप्टेंबरअखेर घ्यावी लागते म्हणून घेता, तीही तालुक्याच्या मंगल कार्यालयात, ऐन कामाच्या दिवसात सकाळी ११ वाजता, गावातला माणूस पोचेपर्यंत मंजूर मंजूर होऊन जेवणाची पंगत बसलेली असते.

एक गोष्ट तुम्ही कधीच मोठ्याने सांगत नाही ती मी सांगते. बँकेत ठेव असली तर पाच लाखापर्यंत विमा आहे, २०२० पासून, सहकारी बँकांना पण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. हे माहिती असून गावाने तुमच्याकडे पैसे ठेवले, कारण शाखेत बसलेला माणूस ओळखीचा होता, पत्र्याच्या खोलीत शाखा होती तेव्हापासून ठेवले. आमच्याकडे दुसरं कसलंच संरक्षण नाही, तुमच्यावरचा विश्वास आहे तेवढाच. तो तुम्ही तीन दिवसांच्या दंडव्याजासाठी घालवताय. लेटरहेडवर विना सहकार नाही उद्धार छापलंय, २०२५ ला आंतरराष्ट्रीय सहकार वर्षाचा मोठा बॅनर शाखेच्या शटरवर लावला होता. पाच दिवस बंद असलेल्या शटरवर. मला ते बघून खरंच वाईट वाटलं होतं, राग नंतर आला.

आणि परत सांगते, नोटीस मला नाही आली, आबांना आली. माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे, पत्ता आहे, एजंट दादा रोज आमच्या दारावरून जातात. मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी पावत्या घेऊन आले असते. आबा मला काही बोलले नाहीत, नुसते म्हणाले बघ पोरी काय ते, पण त्यांची सून पाण्याला भेटली तर तोंड फिरवून गेली. गावात आता कुणी कुणाला जामीन राहायला तयार होत नाहीये, परवा गटातल्या एकीला दोन जणांनी नाही म्हणून सांगितलं. याचा तोटा मलाच नाही, तुमचं पुढचं सगळं कर्जवाटप यावरच चालतं.

आता काय पाहिजे ते. पहिल्या तारखेपासूनचा उतारा पाहिजे, त्याचा लेखी अर्ज आणि फी या पत्राबरोबर शाखेत देतेय, पोच घेणार आहे. एजंटने पैसे घेतले ती तारीख हीच जमा तारीख धरून माझं खातं परत मांडा, आणि फक्त माझं नाही, शाखा दोन दिवसांवर आल्यापासून या गावातल्या प्रत्येक कर्जदाराचं मांडा, कारण हे सगळ्यांनाच लागलंय, बाकीच्यांनी किरकोळ म्हणून भरून टाकलंय. मग कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला द्या. आणि फोनवरच्या साहेबांनी महिला सभासदांशी कसं बोलायचं ते आधी शिकावं, नंतर वसुली करावी.

महिन्यात उतारा आला नाही तर मी सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जाणार आहे, अर्ज लिहून तयार आहे, गटातल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. गटाचं खातं काढून घ्यायचा ठराव पण पुढच्या बैठकीत येतोय, मी तो थांबवणार नाही. आणि संचालक मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर कुणाला तरी बिनविरोध बसवायचं तुमचं ठरलेलं असेल तर ते आत्ताच विसरा, मी फॉर्म भरणार आहे.

राहिली आबांची नोटीस. ती मागे घेतल्याचं पत्र संस्थेच्या सही शिक्क्याने पाहिजे, त्यात संस्थेची चूक होती असं स्पष्ट लिहा. पोस्टाने पाठवू नका. ज्या माणसाने नोटीस नेऊन दिली त्यानेच ते पत्र आबांच्या घरी जाऊन द्यायचं, दिवसाउजेडी, चार लोक असताना, आणि बरोबर एक तरी संचालक पाहिजे.

आपल्या संस्थेची सभासद
सोबत: सर्व हप्त्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स, नोटिसीची प्रत, उताऱ्यासाठी अर्ज