बरगडीखालचं दुखणं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पित्ताशयाच्या खड्यांवरचा लेख वाचला, माहिती चांगली होती, पण उजव्या बरगडीखाली दुखलं की खडेच असणार असा जो सूर होता तो पटला नाही. माझ्या धाकट्या बहिणीला शिंकलं, दीर्घ श्वास घेतला, कूस बदलली की तिथेच कळ यायची. दोनदा सोनोग्राफी झाली, खडा एकही नाही, मग अ‍ॅसिडिटी म्हणून तीन महिने गोळ्या. शेवटी दुर्बिणीतून बघितलं तर लिव्हरचं आवरण पोटाच्या आतल्या भिंतीला बारीक तंतूंनी चिकटलेलं, डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, अगदी सतारीच्या तारा ताणल्यासारखं! मूळ निघालं गर्भनलिकांच्या जुन्या इन्फेक्शनमध्ये. याला फिट्झ-ह्यू-कर्टिस सिंड्रोम म्हणतात, कर्टिसनी १९३० मध्ये आणि फिट्झ-ह्यूनी १९३४ मध्ये लिहून ठेवलंय, म्हणजे नवीन काही नाही. कारण बहुतेकदा क्लॅमिडिया नाहीतर गनोरिया, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारी इन्फेक्शन्स, क्वचित टीबीही. वेळेत कळलं तर औषधांवरच भागतं, दुखणं हटलंच नाही तर दुर्बिणीतूनच ते तंतू कापून लिव्हर मोकळं करतात, तसं तिचं केलं. पण पोटाच्या डॉक्टरांनी बाईला अंगावरून जातं का, ओटीपोटात दुखतं का, एवढं तरी विचारायला हवं ना? हिला कुणी विचारलं नाही, आणि तपासणीला सासरे सोबत, त्यामुळे तीही गप्प बसली. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर यावर चार ओळी जरूर टाका.

– एक वाचक, सातारा