तोच बीम, तोच गंज

प्रिय संजय,

तुझं पत्र काल मिळालं. विमानाच्या हेवी चेकच्या, म्हणजे सगळं उघडून करायच्या मोठ्या तपासणीच्या, धावपळीत इतकं सविस्तर लिहिलंस, म्हणून उत्तरही जरा बैठक मारूनच लिहितोय. मागच्या चेकला साफ करून, प्रायमर मारून बंद केलेला गॅलीखालचा (विमानातल्या स्वयंपाकघराखालचा) फ्लोअर बीम पुन्हा पांढरी भुकटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज, दाखवतोय आणि आधीच्या टीमने काम उरकून टाकलं असावं, असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. गंज त्यांनी नीट काढला असेल, पण तिथे पाणी कुठून येतं आणि ते निघून का जात नाही, हे बहुधा कुणी शोधलं नाही. माझं तर ठाम मत आहे की आपल्या कामात गंज घासण्यापेक्षा पाण्याचा माग काढण्यात जास्त वेळ जायला हवा.

शिकताना आपण चार गोष्टी पाठ केल्या होत्या: अ‍ॅनोड, कॅथोड, त्यांना जोडणारा धातूचा मार्ग आणि दोघांवर पसरलेलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारी ओल. अ‍ॅनोड गंजतो, कॅथोड वाचतो. यातली एक काढली की क्रिया थांबते. धातू बदलणं आपल्या हातात नसतं. राहतं ते ओल हटवणं आणि दोन धातूंमध्ये आडोसा घालणं.

गॅलीखाली सांडलेली कॉफी, सरबत, बर्फाचं पाणी उतरतं हे तुला ठाऊकच आहे. टॉयलेटच्या आसपासचं तर बोलायलाच नको. पण विमान स्वतःही पाणी तयार करतं. उंचावर सरळ उडताना बाहेरची हवा उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. प्रवाशांच्या श्वासातली वाफ इन्सुलेशन ब्लँकेटच्या मागे जाऊन थंड स्किनवर, म्हणजे विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर, गोठते. विमान खाली उतरताना ते हिम वितळतं आणि फ्रेमवरून, स्ट्रिंगरवरून (सांगाड्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवरून) वाहत बिल्जमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटाच्या तळाशी, जमतं. तळाच्या ड्रेन व्हॉल्व्ह जमिनीवर, केबिनचा दाब उतरल्यावर उघडतात, तेव्हा ते बाहेर पडायला हवं. पण वाटेतलं एखादं ड्रेन होल धुळीने, सीलंटच्या गोळ्याने किंवा आपणच मारलेल्या गंजरोधक कंपाउंडच्या थराने बुजलेलं असतं. म्हणून तुझ्या बीमच्या आधी त्याच्या खालच्या बाजूचं प्रत्येक भोक तपास. ब्लँकेट हाताने दाबून बघ. ओलं लागलं तर ते स्किनला चिकटून किती दिवस ओल धरून बसलं असेल, विचार कर.

आता त्या भुकटीबद्दल. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर आपोआप धरतो आणि तोच त्याला वाचवतो. क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं आणि पिटिंग, म्हणजे खड्डे पडणं, सुरू होतं. खड्ड्याच्या आत आम्लता वाढत जाते, त्यामुळे तो आतल्या आत खोल जात राहतो. वर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, आत पोकळी त्याहून कितीतरी रुंद असू शकते. भुकटी पुसली आणि धातू चमकला, एवढ्यावर समाधान मानू नकोस. दहापट भिंगाखाली बघ आणि शंका आली तर एडी करंट (विजेच्या प्रवाहाने आतला दोष शोधणारी तपासणी) लाव.

तुझा बीम ७०७५चा (जस्त मिसळलेल्या मजबूत अ‍ॅल्युमिनियमचा) एक्स्ट्रुजन, म्हणजे साच्यातून दाबून काढलेला, असेल तर मला जास्त काळजी वाटते. शीटवर बहुतेक वेळा शुद्ध किंवा जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं पांघरूण असतं, ते अल्क्लॅड. एक्स्ट्रुजनला ते नसतं. त्यात कण एका दिशेने ताणलेले असतात. गंज कणांच्या सीमांवरून आत शिरला की इंटरग्रॅन्युलर (कणांमधला) हल्ला सुरू होतो, आणि गंजाचा पदार्थ मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेत असल्याने तो थर वर उचलतो. भिजलेल्या पुस्तकाची पानं फुगावीत तशी बीमची कड फुगते. हेच एक्सफोलिएशन. फ्लँजच्या (बीमच्या आडव्या पट्टीच्या) कापलेल्या कडेवरून आणि फास्टनरच्या (रिव्हेट, बोल्ट यांच्या) भोकांभोवती नखाने हळूच चाचपून बघ, पेंटखालचा उंचवटा डोळ्याआधी बोटाला कळतो. तसा सापडला तर वरवर घासून उपयोग नाही, थर संपेपर्यंत खाली जावं लागतं.

आणि घासताना मागचा हिशोब विसरू नको. आधीच्या चेकला जेवढी जाडी गेली ती पकडून आता किती उरली आहे, हे अल्ट्रासॉनिकने मोज आणि स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघ. फक्त आजचं ब्लेंडिंग, म्हणजे आज घासून काढलेली जाडी, मोजलं तर बीम कागदावर मर्यादेत बसतो आणि प्रत्यक्षात बसत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

साहित्याबद्दल तुझ्या पोरांना एकदा नीट सांग. अ‍ॅल्युमिनियमवर स्टील वूल किंवा स्टीलचा ब्रश अजिबात नाही. त्याचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कण नवा गॅल्व्हॅनिक सेल, म्हणजे दोन धातूंची गंज वाढवणारी छोटी बॅटरी, होतो. साध्या पेन्सिलने खुणा करणंही बंद, कारण ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमपुढे कॅथोडसारखं वागतं. कार्बन फायबरच्या भागाला अ‍ॅल्युमिनियम लागतो तिथे मध्ये ग्लास फायबरचा थर देतात, तोही याचसाठी. सीट ट्रॅकचे स्टीलचे फास्टनर काढशील तेव्हा ते कोरडे बसवलेत की सीलंट लावून ओले, हे जरूर बघ. कोरडे निघाले तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आणखी एक. ब्रॅकेट आणि बीममध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती बुजवू देऊ नकोस. तसा ओढून बसवलेला भाग कायम ताणात राहतो, आणि ताण, ओल व ७०७५-टी६ (टी६ म्हणजे उष्णतेने दिलेला एक टेम्पर) एकत्र आले की स्ट्रेस कोरोजनचा, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडणारा, तडा जाण्याचा धोका असतो. शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घाल. टी७३ टेम्पर याला बरंच चांगलं तोंड देतो, पण त्याची ताकद थोडी कमी असते. म्हणून मनाने बदल करू नये, मॅन्युअल काय म्हणतं ते बघावं.

तू लिहिलंस की वरिष्ठांना हे सगळं ‘कॉस्मेटिक’ वाटतं. त्यांना अलोहा एअरलाइन्सची फ्लाइट २४३ आठवून दे. २८ एप्रिल १९८८, हिलोहून होनोलुलूला निघालेलं बोइंग ७३७-२००. १९ वर्षांचं विमान, ८९,६८० उड्डाणं झालेली, बहुतेक हवाईच्या बेटाबेटांमधली छोटी, खाऱ्या हवेतली. २४,००० फुटांवर पुढच्या केबिनचं छतच उडालं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. बाकी सगळे वाचले, कारण वैमानिकांनी ते विमान माउईला उतरवलं. लॅप जॉइंटमधला (एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या सांध्यातला) चिकटवलेला बाँड सुटला, फटीत ओल शिरली, गंज धरला, भार रिव्हेटच्या ओळीवर आला आणि धातूच्या थकव्याचे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने पडणारे, बारीक तडे एकमेकांना मिळाले. विमानात पाय ठेवताना एका प्रवासी बाईला स्किनवर तडा दिसला होता, पण ती कुणाला काही बोलली नाही. तपास अहवालातलं ते वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

जुन्या विमानांसाठी कोरोजन प्रिव्हेन्शन अँड कंट्रोल प्रोग्रॅम (गंज रोखण्याचा आणि आटोक्यात ठेवण्याचा कार्यक्रम) सक्तीचा झाला तो त्यानंतर. त्यातल्या तीन लेव्हल तुला माहीत आहेत: एक म्हणजे मर्यादेतला गंज, दोन म्हणजे मर्यादेबाहेरचा, तीन म्हणजे तातडीच्या धोक्याचा. तुझी जागा मर्यादेबाहेर निघाली तर लेव्हल दोनची नोंद कर, दबावाला बळी पडून एकवर आणू नकोस. तशी नोंद झाली तरच पुढच्या तपासणीचा कालावधी कमी करण्याचा विषय निघतो.

बाकीचं थोडक्यात. टाकीच्या तळाचं पाणी नेमाने काढलंत तर इंधनातली बुरशी धरत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं गळलेलं आम्ल खाण्याच्या सोड्याने मारा. निकेल-कॅडमियमच्या गळतीला मात्र बोरिक अ‍ॅसिड. आणि गंजरोधक स्प्रे ऑक्सिजनच्या लाइनजवळ मुळीच नको, आग लागू शकते.

फ्लोअर पॅनल उघडलंस की ड्रेन होलचे आणि फ्लँजच्या कडेचे फोटो पाठव. उरलेल्या जाडीचे आकडेही कळव, मग रिपेअरचं बोलू. तोवर ते पॅनल बंद करू देऊ नकोस.

तुझा,
अविनाश