सान हुआनचे किल्ले क्रूझच्या घाईत नकोत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील कॅरिबियन क्रूझवरच्या लेखात ओल्ड सान हुआनची (प्वेर्तो रिको बेटाच्या राजधानीच्या जुन्या भागाची) बोळवण 'दुपारचा थांबा' अशी दोन ओळींत झाली. किल्ल्यांची आवड असणाऱ्याने हे शहर असे पाहू नये. आणि अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्यांनी क्रूझचे तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत तपासावी.

प्वेर्तो रिको अमेरिकेच्याच अखत्यारीत असल्याने मायामी-न्यूयॉर्कहून विमानाने जाणे हा देशांतर्गत प्रवास ठरतो. शिक्का संपलेला असला तरी आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या नोंदीची) मुदत शिल्लक असेल तर अडत नाही. मूळ पासपोर्ट आणि आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचे पत्र) जवळ ठेवावे. क्रूझ वाटेत सेंट मार्टिनसारख्या परक्या बेटावर थांबली, की परतताना अमेरिकेत नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. संपलेल्या शिक्क्यावर ३० दिवसांत परतण्याची सवलत एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. घोळ होतो तो इथेच.

किल्ले दोन. १० डॉलरचे एकच तिकीट दोन्हींना २४ तास चालते, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते लागत नाही. सकाळी आधी एल मोरो गाठावा, कारण त्याच्यासमोरच्या भल्यामोठ्या माळावर सावली नाही. तिथून नोर्सागाराय रस्त्याने साधारण दीड किलोमीटरवर सान क्रिस्तोबाल. मोरो १५३९ पासूनचा, खाडीच्या मुखावरचा. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकला इथूनच परतवले. पण १५९८ मध्ये इंग्रज पूर्वेकडून जमिनीवरून आले आणि मोरो पडला. १६२५ मध्ये डचांनी शहर जाळले. म्हणून मग जमिनीच्या बाजूला क्रिस्तोबाल उभा राहिला. त्याचा बाहेरचा बुरूज शत्रूने घेतला तरी तो मागच्या उंच बुरुजावरील तोफांच्या माऱ्यातच राहतो. ही उतरंड सावकाश पाहावी. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्याचा पाय तिथून लवकर निघणार नाही. चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारी पाच टाकी आहेत, तीही चुकवू नयेत.

सान हुआन दरवाजाबाहेरून तटाखालून जाणारी पायवाट मोरोच्या पायथ्याशी संपते. तिथून वर किल्ल्यात वाट नाही, आल्या वाटेने परतावे लागते. भर दुपारी अनेकांची फसगत होते. गल्ल्यांतले निळसर दगड पावसात निसरडे होतात, गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत.

शाकाहारींनी विशेष जपावे. मोफोंगो म्हणजे तळून लसणीबरोबर कुटलेली कच्ची केळी, पण त्यात बहुधा डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे असतात आणि सोबतचा रस्सा कोंबडीचा. गांदुलेसचा भात म्हणजे आपल्या तुरीच्या दाण्यांचाच, तरी त्यातही डुकराचे मांस पडते. "सिन कार्ने, सिन हामोन" (मांस नको, हॅम नको) असे सांगून वर रश्शाचीही चौकशी करावी.

परतीच्या विमानाआधी सामानाची शेतमाल-तपासणी होते. ताजा आंबा काढून घेतात. त्या रांगेचा वेळ हिशेबात धरावा.

– एक वाचक, न्यू जर्सी