ट्यूब पाठवत नाही, वहिनी

लीड्स, रविवार

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

दादाने तुझा निरोप सांगितला. चिऊच्या चौदा आठवड्यांच्या लशी आणि कान टोचणं एकाच दिवशी उरकायचं, आणि ती रडू नये म्हणून मी बधिर करायच्या क्रीमची मोठी ट्यूब पाठवायची. रागावू नकोस, पण ट्यूब पाठवत नाही.

आमच्या वॉर्डात हे क्रीम रोज लागतं. सलाइनची सुई टोचायच्या तासभर आधी हाताच्या पाठीवर लावतो, वर पारदर्शक पट्टी, आणि पट्टीवर वेळ. वेळ लिहिल्याशिवाय पलंगापासून हलायचं नाही. त्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधं अडीच-अडीच टक्के असतात. तीन महिने ते एक वर्षाच्या बाळाला, वजन पाच किलोच्या वर असेल तर, सगळ्या जागा मिळून जास्तीत जास्त 2 ग्रॅम, तेही 20 चौरस सेंटिमीटर कातडीवर. चिऊ साडेपाच किलोची. दोन मांड्या, दोन कान, ‘कमी पडलं वाटतं’ म्हणून आणखी एक थर. 5 ग्रॅमची ट्यूब कधी संपली ते कळणारही नाही.

जास्त झालं की ते कातडीतून रक्तात उतरतं. प्रिलोकेनमुळे हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं आणि त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. ते पूर्ववत करणारं एन्झाइम तान्ह्या बाळांत मुळातच कमी. मग ओठ-नखं निळसर करडी, बाळ मलूल, ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही, रक्त चॉकलेटी दिसतं. सल्फाचं औषध चालू असेल तर धोका वाढतो. लिग्नोकेन फार झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. पुरळ उठलेल्या कातडीतून तर भराभर शोषलं जातं. असं काही दिसलं तर क्रीम पुसायचं आणि थेट दवाखाना, फोनवर मला विचारत बसू नका.

कानाला तर नकोच. बाळाचा हात कानावरून सरळ डोळ्यात नि तोंडात जातो.

पुढे दात येतील तेव्हा कुणीतरी हिरड्यांना लावायचं जेल सुचवेलच (शेजारच्या काकू नक्की!). अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2014 मध्ये बजावलं, की दात येणाऱ्या बाळांच्या तोंडात लिग्नोकेन लावू नका. लहान मुलांच्या गंभीर त्रासाच्या 22 नोंदी त्यांनी तपासल्या होत्या, त्यांत मृत्यूही होते. 2018 मध्ये बेन्झोकेन या तशाच बधिर करणाऱ्या औषधाबद्दलही तेच, दोन वर्षांखालच्यांना नको. फ्रीजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चावायला दे, बास.

लशीच्या वेळी चिऊला मांडीवर घे आणि सुईच्या आधीपासून अंगावर पाजत राहा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये हेच सुचवलंय. रडेल, पण पदराखाली लगेच शांत होईल. सोनाराकडे मात्र नंतर, वेगळ्या दिवशी जा. लशीनंतर ताप आलाच, तर दुखऱ्या कानांची भर कशाला? तरीही क्रीम हवंच वाटलं तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचार, आणि त्यांनी सांगितलं तेवढंच, त्यांच्यासमोर.

दादाला सांग, कुरिअरने झबली आणि तुझ्यासाठी चॉकलेटं निघाली आहेत. ती. आईला साष्टांग नमस्कार. चिऊला गोड पापा.

तुझी,
नणंद