शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता कायद्यात आणा

मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

अनुदानित खासगी माध्यमिक शाळेत शिक्षक नेमला की संस्था त्याच्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवते. मान्यता आली की शालार्थ आयडी (सरकारी ऑनलाइन वेतनप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक), आणि मग पगार. जिच्यावर सगळे अडते ती सही किती दिवसांत द्यायची, कोणत्या कारणाने नाकारायची, हे 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियमात शोधून पाहा. सापडत नाही.

कलम 5 सांगते की कायम रिक्त पद भरण्यापूर्वी अतिरिक्त (दुसऱ्या शाळेत पद न उरलेला) शिक्षक उपलब्ध आहे का, हे संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांना विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात म्हटले की नेमणूक वैध ठरायला मान्यता ही पूर्वअट नाही. तिचा संबंध अनुदानाशी. म्हणजे नेमणूक कायदेशीर आणि शिक्षक बिनपगारी, असेही होऊ शकते. होतेच.

बाकी सारा कारभार शासन निर्णयांवर. 2 मे 2012 च्या भरतीबंदीनंतर तर अर्थ लावायला रानच मोकळे झाले. फाईल ‘त्रुटी’ लागून परत येते: आधी बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), ती जोडली की जाहिरात, ती जोडली की संचमान्यता (पटसंख्येनुसार मंजूर पदांचा आदेश). तिन्ही त्रुटी पहिल्याच पत्रात का लिहीत नाहीत? (उत्तर प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे.) शेवटी शिक्षक उच्च न्यायालयात जातो.

आणि साहेब, प्रामाणिक अधिकाऱ्याचेही हाल आहेत. 2025 मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले, अधिकाऱ्यांना अटक झाली. ती व्हायलाच हवी होती. पण आता योग्य प्रस्तावावरही सही करताना हात थरथरतो. सही केली तर चौकशीची भीती, फाईल दाबून ठेवली तर कोणी विचारत नाही. मग माणूस काय करील?

म्हणून नवा शासन निर्णय नको, अधिनियमात दुरुस्ती आणा. साठ दिवसांची मुदत, सर्व त्रुटी एकाच पत्रात, नकार सकारण आणि लेखी, त्यावर अपील, आणि प्रत्येक प्रस्तावाची स्थिती सर्वांना दिसेल अशी सोय. मुदत संपली की मान्यता आपोआप मिळाली, असे कलम मात्र घालू नका. बोगस प्रस्तावांचे त्यात फावेल. विलंबाचा जाब अधिकाऱ्याने शिक्षण आयुक्तांना द्यावा, एवढे पुरे.

मसुदा आधी हरकतींसाठी जाहीर करा. आम्ही लिहून पाठवू.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक