शनिवारी उपाशी राहू नकोस

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज नीट वाचला. आठवडाभर दुपारी नुसतं सॅलड, रात्री उकडलेल्या भाज्या. मग शुक्रवारी कामावरून येताना भला मोठा बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेला तो मेक्सिकन भात-बीन्सचा रोल, आणि वर चिप्सची पिशवी. आणि शनिवारी त्याची भरपाई म्हणून दुपारपर्यंत काळी कॉफी. 'माझा स्वतःवर ताबाच राहत नाही' असंही लिहिलंस. मला बरिटोची काळजी वाटत नाही, शनिवारच्या त्या कॉफीची वाटते. फोनवर तू 'हो गं आई' म्हणून विषय बदलतोस, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

तू ज्याला ताबा सुटणं म्हणतोस, ती मला बरीचशी साधी भूक दिसते. रोज सायकलने कामावर जाणाऱ्या उंचापुऱ्या मुलाला दुपारी काकडी आणि लेट्यूस पुरणार नाही. संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस समोर दिसेल ते खातो आणि पोट भरल्याचं कळायच्या आत जास्त खातो. दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलास की तेच चक्र पुन्हा सुरू. आठवड्यातला एक दिवस वाटेल ते खायचा, 'चीट डे' ठेवायची तुमच्या अमेरिकेतली पद्धत मला मुळीच पटत नाही. जेवणात फसवणूक कसली आली? सहा दिवस जी भूक दाबून ठेवलीस, ती सातव्या दिवशी उसळून वर येणारच.

पण सगळीच तलफ भुकेची नसते, हेही खरं. पोट भरलेलं असतानाही तुला टाको, मक्याच्या पोळीत सारण भरलेला, आठवतो. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचार, यातलं मला नेमकं काय हवंय? धुराचा तो वास, लिंबाचा आंबटपणा, मिरचीचा झटका, काहीतरी मऊ-स्निग्ध, की दाताखाली कुरकुरीत? मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिलं, तुझी सगळी ओढ धुरकट मिरचीकडे आणि कुरकुरीतपणाकडे असते. ते ओळखलं की अर्धं काम झालं, कारण या दोन्ही गोष्टी घरी, थोडक्या तेलात होतात.

आधी बाहेरच्या बरिटोचं बघू. त्याची मैद्याची मोठी टॉर्टिया, म्हणजे पोळीच, सुमारे ३०० कॅलरींची असते. आत भात, बीन्स, ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी) आलं की ते दोन वेळचं जेवण होतं. अर्धा खाऊन अर्धा डब्यात आणलास तर त्यात काहीच वाईट नाही. तुझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तू प्राण्यांसाठी दूध-तूपसुद्धा सोडलंस आणि ते मनापासून पाळतोस. मग हे विचारून घेत जा: मैद्याच्या टॉर्टियात आणि परतलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे, आणि तो लालसर भात पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. डब्यातले बीन्स घेतानाही लेबल वाच. 'बीन्सच तर आहेत' असं समजून चालू नकोस.

घरी केलेलं व्हीगन मेक्सिकन म्हणजे खऱ्याची दुय्यम नक्कल, असं तू मानतोस. मला ते साफ चुकीचं वाटतं. कोर्तेसची स्पॅनिश फौज १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरली, त्याआधी तिथे गाय नव्हती, बकरी नव्हती, डुक्कर नव्हतं. म्हणजे चीज नाही, क्रीम नाही, डुकराची चरबी नाही. ते लोक शाकाहारी होते असं मी म्हणत नाही. टर्की, मासे, शिकार हे सगळं होतंच. पण रोजच्या जेवणाचा पाया मका, बीन्स, भोपळा आणि मिरची. ही पिकं एकाच शेतात एकत्र घेतात, त्या शेताला मिल्पा म्हणतात. मक्याच्या ताटावर बीन्सचा वेल चढतो आणि भोपळ्याची पानं खालची जमीन झाकून ओल धरून ठेवतात. आजही तिथल्या साध्या घरांत जेवण म्हणजे मक्याच्या टॉर्टिया, भांडंभर शिजवलेले बीन्स आणि वाटलेली साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. तेव्हा चीज न घालता तू जे करशील, ते त्या स्वयंपाकाच्या मुळाजवळच जाणारं आहे.

यातला मका मला सगळ्यात थोर वाटतो. ते लोक मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून सालं काढतात आणि मग वाटतात. तीन हजारांहून अधिक वर्षांची ही रीत आहे. चुना आपला विड्याला लावतो तोच. त्याने साल सुटतं, पीठ चिकटून येतं, अन्नात कॅल्शियम उतरतं आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिन न मिळाल्याने पेलाग्रा हा रोग झाला, कातडी सोलून निघायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. चुन्याच्या चिमटीत केवढं शहाणपण होतं बघ.

तुला दाणे शिजवत बसायला नको. चुन्यात शिजवलेल्या मक्याचं वाळवलेलं पीठ मिळतं, मसा हरिना. पाकिटावर हेच नाव बघ. देशी दुकानातलं मक्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर आणशील तर टॉर्टिया होणार नाही. आपण दोघं पिंक लाइन ट्रेनने शिकागोतल्या पिल्सेन या मेक्सिकन वस्तीत गेलो होतो, तिथे अठराव्या रस्त्यावरच्या दुकानातल्या मावशींनी मला खुणेने दाखवलं होतं ते लिहून ठेव. दोन कप पिठाला साधारण दीड कप कोमट पाणी आणि मीठ. मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं झाकून ठेव. मग लिंबाएवढा गोळा घेऊन बोटाने दाब. कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लाव, बोटाला चिकटला तर चिमूटभर पीठ घाल. भाकरीचं पीठ हाताला जसं कळतं तसंच हे कळतं, फक्त थापायचं नाही. प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून जड कढईच्या बुडाने दाबायचं. तवा चांगला तापलेला हवा. कडा सुटल्या की उलट, दुसऱ्या बाजूला मिनिटभर ठेव, परत उलटून मधोमध बोटांनी हलकेच दाब, टम्म फुगते. लगेच फडक्यात गुंडाळ. त्या वाफेनेच ती मऊ होते. ताटात तशीच ठेवलीस तर वातड होईल आणि तू मला फोन करशील.

बीन्सना मी भाज्यांच्याही आधी मान देईन. अमेरिकन मापाच्या एक कप शिजलेल्या काळ्या बीन्समध्ये १५ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ तितकाच चोथा असतो. रविवारी अर्धा किलो भिजत घाल, कांदा-लसूण घालून कुकरला लाव. शिजल्यावरचं काळं पाणी ओतून देऊ नकोस, सगळी चव त्यात असते. रात्री कढईत चमचाभर तेलावर कांदा लालसर परतून, बीन्स आणि त्यांचं पाणी घालून डावाने घोट. तेल घालायला घाबरू नकोस. चमचाभर तेलाने चव येते आणि खाल्ल्याचं समाधान मिळतं, बिनतेलाच्या बीन्सनंतर तू पुन्हा फ्रीज उघडशील. राजमा घेतलास तर मात्र एक पथ्य पाळ. भिजवलेलं पाणी फेकून दे आणि तो दहा मिनिटं तरी खळखळून उकळ. नुसता स्लो कुकरमध्ये टाकू नकोस, मंद आचेवर त्यातलं विष जात नाही आणि पोट बिघडतं.

धुरासाठी साल्सा. टोमॅटो, कांद्याची जाड चकती, सालासकट लसूण आणि हिरवी मिरची कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाज. लसूण सोल, सगळं मीठ घालून खलात जाडसर वाट, वरून लिंबू आणि कोथिंबीर. आणखी धूर हवा असेल तेव्हा एक चिपोत्ले घाल. ती म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची, धुरावर वाळवलेली. रसातल्या चिपोत्लेचा छोटा डबा आणलास तर उरलेल्या मिरच्या एकेक करून फ्रीझरमध्ये ठेव, एका वेळी एकच पुरते. ही साल्सा तू वाटीभर खाल्लीस तरी मोजायचं काहीच नाही.

कोवळ्या फणसाचा टिंगा तुला आवडेल असं वाटतं. मूळ पदार्थ मेक्सिकोतल्या पुएब्लाचा, मांसाचा. आपण डब्यातला हिरवा फणस घ्यायचा, मिठाच्या पाण्यातला, पाकातला नाही. पाणी पिळून काढायचं, हाताने रेषा सोडवायच्या, भरपूर कांद्यावर परतून टोमॅटो-चिपोत्लेच्या रसात आटवायचा. आपल्या कोकणात कुयरीची भाजी खाल्लेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. पण फणसात प्रथिनं अगदी कमी, म्हणून टाकोत खाली बीन्सचा थर हवाच. मऊपणासाठी अ‍ॅव्होकाडोच्या चार फोडी किंवा भिजवलेले काजू लिंबाच्या रसात वाटून केलेलं क्रीम, दोन चमचे. व्हीगन चीजवर तू इतके डॉलर घालवतोस ते मला पटत नाही. त्यातलं बरंचसं खोबरेल तेल आणि स्टार्च असतं. वाढदिवसाला, पार्टीला खा. रोजचं पौष्टिक म्हणून नको.

कुरकुरीत हवं तर शिळ्या टॉर्टियांचे त्रिकोण कापून तेलाचा हात लाव, मीठ भुरभुर आणि ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर बारा-पंधरा मिनिटं भाज. आणि कधी तळलेलेच हवेत असं वाटलं, तर पिशवीतून न खाता वाडग्यात काढून, टेबलाशी बसून, चव घेत खा. मित्रांबरोबर बरिटो खायला जाशील तेव्हा फोनमधलं ते मोजायचं अ‍ॅप बंद ठेव.

बाबांना चाळिशीत मधुमेह निघाला, म्हणून तू इतका जपतोस, हे मला कळतं. आपल्या घराण्यात तो आहे, सावध राहायलाच हवं. वर्षातून एकदा तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून घे. भात कमी आणि बीन्स जास्त, हा बदल त्या दृष्टीनेही चांगला. पण त्यासाठी जेवणाशी वैर धरू नकोस. बाबांची साखरसुद्धा उपाशी राहून आटोक्यात आली नाही. वेळेवर जेवण, रोजचं चालणं आणि औषध, यांनीच आली.

बी-१२ ची गोळी रोज घेतोस ना? याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. ते वनस्पतींच्या अन्नात भरवशाचं मिळत नाही, आणि मोठ्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं. पास्त्यावर तू पिवळं यीस्ट भुरभुरतोस त्यातही ते वरून घातलेलं असेल तरच असतं, डबा वाचून बघ. लोहासाठी बीन्सवर लिंबू पिळायला विसरू नकोस, 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं.

आणि शेवटचं, जे लिहिण्यासाठी हे सगळं लिहिलं. जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं, मग रात्री पुन्हा जास्त खायचं आणि स्वतःचा राग राग करायचा, हे महिनोन्‌महिने चाललं तर ते एकट्याने निस्तरायचं दुखणं नाही. तुझ्या कंपनीच्या विम्यात आहारतज्ज्ञ बसतो का ते चौकशी करून बघ आणि शुक्रवार-शनिवारचं जसं मला लिहिलंस तसंच त्यांना सांग, काही न लपवता. भेटीची तारीख ठरली की मला कळव, नुसतं 'हो' नको.

तुझी,
आई